ऑटोरन्स: रखडत सुरू होणाऱ्या कॉम्प्युटरसाठी फुकटचे, पण धारदार हत्यार

घरचा कॉम्प्युटर सुरू व्हायला चार-पाच मिनिटे घ्यायला लागला की दुकानातून मिळणारे उत्तर ठरलेले असते: फॉरमॅट मारून घ्या. फॉरमॅट मारल्यावर पीसी खरोखरच पळतो, त्यामुळे सल्ला बरोबर होता असेही वाटते. मग हळूहळू प्रिंटरचे, डिजिटल सहीच्या टोकनचे, मीटिंगचे, मुलांच्या गेमचे सॉफ्टवेअर परत चढते आणि ये रे माझ्या मागल्या. फॉरमॅटने जे सरसकट पुसले गेले त्यातले नेमके काय आड येत होते, हे मात्र कोणालाच कळत नाही. ते बघायचे असेल तर ऑटोरन्स हे सॉफ्टवेअर वापरावे.

विंडोज सुरू होताना आपोआप चालू होणारी झाडून सगळ्या गोष्टी एका खिडकीत दाखवायच्या, एवढेच त्याचे काम. मार्क रसिनोविच आणि ब्राइस कॉग्सवेल या दोघांनी १९९६ मध्ये सुरू केलेल्या सिसइंटर्नल्स या संचातले हे एक. २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने तो संच विकत घेतला आणि आजही तो मायक्रोसॉफ्टच्याच साइटवर फुकट मिळतो. जाहिरात नाही, ‘प्रो’ आवृत्ती नाही, लाल अक्षरांत ‘तुमच्या पीसीत शेकडो दोष सापडले’ असली धमकी नाही. पीसी फास्ट करून देतो म्हणणाऱ्या सॉफ्टवेअरच्या बाजारात एवढा सभ्यपणासुद्धा दुर्मीळ आहे.

आमचे मत आधीच सांगतो. आपोआप चालू होणाऱ्या गोष्टींची यादी म्हणून ऑटोरन्सला तोड नाही. पण बूट, म्हणजे पीसीचे सुरू होणे, का रखडले, याचे उत्तर ते एकटे देऊ शकत नाही, कारण त्यात वेळ मोजण्याची सोयच नाही. कोणती गोष्ट सुरू होते ते दिसते. ती किती सेकंद खाते ते दिसत नाही. म्हणून घड्याळ दुसरीकडून आणावे लागते, आणि ते न आणता थेट यादीतल्या ओळींपुढचे टिकमार्क काढत सुटणे म्हणजे आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला.

आधी वेळ कुठे जातो ते बघा

बटण दाबल्यापासून विंडोजचे चिन्ह येईपर्यंतचा काळ मदरबोर्डच्या बायोसचा, म्हणजे विंडोजच्या आधी हार्डवेअर जागे करणाऱ्या प्रोग्रामचा. चिन्हापासून डेस्कटॉप दिसेपर्यंतचा काळ विंडोजच्या गाभ्याचा, ड्रायव्हरचा (हार्डवेअर चालवणारे सॉफ्टवेअर) आणि पडद्याआड चालणाऱ्या सर्व्हिसेसचा. डेस्कटॉप दिसल्यापासून ब्राउझर खऱ्या अर्थाने उघडेपर्यंतचा काळ स्टार्टअपच्या सॉफ्टवेअरचा. ‘पीसी स्लो सुरू होतो’ या एका वाक्यात हे तिन्ही येतात, आणि तिघांची औषधे वेगळी.

पहिल्याचा आकडा टास्क मॅनेजरमध्येच मिळतो. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, स्टार्टअपच्या पानावर जा. वर उजवीकडे ‘लास्ट बायोस टाइम’ असे लिहिलेले असते. (लेगसी पद्धतीने बूट होणाऱ्या जुन्या पीसीवर हा आकडा दिसत नाही, तिथे हातातले घड्याळ लावा.) हा आकडा पाच-दहा-पंधरा सेकंदांत असेल तर पुढे चला. तीस-चाळीस असेल तर विंडोजमध्ये काहीही करून फरक पडणार नाही. पेन ड्राइव्ह, बाहेरची हार्ड डिस्क, कार्ड रीडर काढून परत बघा. बायोसमध्ये बूट ऑर्डरला नेटवर्क बूट पहिले असेल तर ते खाली ढकला किंवा बंद करा, नाहीतर पीसी दरवेळी लॅन केबलवर उत्तराची वाट बघत बसतो. आणि सुरू करताना एफ-वन दाबायला सांगत असेल, तारीख मागे गेलेली असेल, तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला आहे. नवा टाका, तारीख-वेळ लावा आणि बायोसची सेटिंग्ज परत तपासा.

उरलेल्या दोघांसाठी इव्हेंट व्ह्यूअर. स्टार्टमध्ये त्याचे नाव टाइप करून ॲडमिन म्हणून उघडा. डावीकडे ‘ॲप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्ज’, त्यात मायक्रोसॉफ्ट, त्यात विंडोज, त्यात ‘डायग्नॉस्टिक्स-परफॉर्मन्स’ आणि शेवटी ‘ऑपरेशनल’. इथे १०० क्रमांकाची नोंद म्हणजे एकेका बूटचा हिशेब. ती उघडून ‘डीटेल्स’मध्ये गेलात की तीन आकडे शोधायचे, तिन्ही मिलिसेकंदांत: बूटटाइम म्हणजे एकूण, मेनपाथबूटटाइम म्हणजे डेस्कटॉप येईपर्यंतचा, आणि बूटपोस्टबूटटाइम म्हणजे डेस्कटॉप आल्यापासून मशीन निवांत होईपर्यंतचा. या शेवटच्या आकड्यात निवांतपणाची खात्री करण्याचे दहा सेकंद धरलेले असतात, तेवढे वजा करा.

समजा मेनपाथ २५,००० आणि पोस्टबूट १,४०,००० आहे. म्हणजे विंडोज पंचवीस सेकंदांत उभे राहिले आणि पुढची जवळजवळ सव्वादोन मिनिटे स्टार्टअपच्या गर्दीने खाल्ली. ही केस ऑटोरन्सची. उलट मेनपाथच ९०,००० असेल तर आधी डिस्क आणि ड्रायव्हर. त्याच यादीत १०१ (सॉफ्टवेअर), १०२ (ड्रायव्हर) आणि १०३ (सर्व्हिस) या क्रमांकांच्या नोंदी असतील तर काम सोपे झाले, कारण नेहमीपेक्षा जास्त वेळ कोणी घेतला त्याचे नाव तिथे छापलेले असते. ही नावे कागदावर लिहून घ्या. ऑटोरन्समध्ये हीच शोधायची आहेत.

मोजताना एक गफलत हमखास होते. विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ आले. ते चालू असेल तर शटडाउन केल्यावर विंडोजचा गाभा डिस्कवर गोठवून ठेवला जातो आणि पुढच्या वेळी तोच परत उचलला जातो. रीस्टार्टला मात्र सगळे पहिल्यापासून सुरू होते. त्यामुळे ‘काल शटडाउन केला, आज रीस्टार्ट केला’ अशी तुलना करू नका. दोन्ही वेळा रीस्टार्टच करा. आठवडेच्या आठवडे रोज शटडाउन करूनही टास्क मॅनेजरमध्ये ‘अप टाइम’ बारा दिवस दिसतो, तो याचमुळे. विचित्र अडकणाऱ्या पीसीला कधीकधी नुसता एक रीस्टार्टसुद्धा पुरतो.

घेणे आणि पहिल्यांदा उघडणे

मायक्रोसॉफ्टच्या साइटवरच्या सिसइंटर्नल्सच्या पानावरूनच उतरवा. सर्चमध्ये वर येणाऱ्या डाउनलोड साइट्सवरून नको, तिथे सोबत आणखी चार गोष्टी चिकटून येतात. झिप फाइल येते. ती उघडून एखाद्या फोल्डरमध्ये काढा. इन्स्टॉल करायचे काही नाही. आत ३२ बिट आणि ६४ बिट अशा वेगळ्या फाइली असतात. आजच्या घरगुती मशीनवर नावाच्या शेवटी ६४ असलेली घ्या (६४ पुढे ए असलेली एआरएम प्रोसेसरची, ती नव्हे), राइट क्लिक करून ॲडमिन म्हणून चालवा आणि परवान्याला होकार द्या. नावात ‘ऑटोरन्स’ला लागून सी असलेल्या फाइली कमांड लाइनच्या आहेत, घरच्या कामाला लागत नाहीत.

खिडकी उघडताच यादी भरायला लागते. जुन्या हार्ड डिस्कवर याला मिनिटभर लागू शकते. खाली स्कॅन पूर्ण झाल्याचे दिसेपर्यंत हात लावू नका.

पहिल्या दर्शनाने माणूस दचकतो. शेकडो ओळी, वर अठराएक टॅब, बारीक अक्षरे. मराठी किंवा हिंदी सोडाच, साध्या इंग्रजीतले एक समजावणीचे वाक्यही नाही. हे सॉफ्टवेअर जाणकारांनी जाणकारांसाठी केलेले आहे आणि ते तसे लपवतही नाही.

म्हणून आधी चाळणी लावायची. ‘ऑप्शन्स’मध्ये ‘हाइड विंडोज एन्ट्रीज’ आणि ‘हाइड मायक्रोसॉफ्ट एन्ट्रीज’ यांवर खूण करा. मग ‘स्कॅन ऑप्शन्स’ उघडून ‘व्हेरिफाय कोड सिग्नेचर्स’ चालू करा आणि परत स्कॅन होऊ द्या. सही म्हणजे फाइलवरची कंपनीची डिजिटल सही. ती न तपासता चाळणी लावली तर कोणीही स्वतःच्या फाइलवर ‘मायक्रोसॉफ्ट’ असे लिहून लपू शकतो. सही तपासली की ते चालत नाही. आता यादी चाळीस-पन्नास ओळींवर येते, आणि एवढी माणसाला वाचता येते.

तिथेच ‘चेक व्हायरसटोटल’ हाही पर्याय आहे. त्याने प्रत्येक फाइलचा हॅश, म्हणजे ओळखक्रमांक, व्हायरसटोटलकडे जातो आणि किती अँटीव्हायरस इंजिनांनी तिला वाईट ठरवले ते शेवटच्या रकान्यात येते. सत्तरपैकी एखाद-दोन इंजिनांनी बोट दाखवले तर घाबरू नका, चुकीचे इशारे होतात. पंधरा-वीस असतील तर मामला खरा. त्याच्या शेजारचा ‘सबमिट अननोन इमेजेस’ मात्र चालू करू नका. त्याने अनोळखी फाइल आख्खीच्या आख्खी बाहेर पाठवली जाते, आणि ऑफिसचे खासगी सॉफ्टवेअर असलेल्या मशीनवर ते परवडणारे नाही.

ओळींच्या रंगांबद्दल दोन शब्द. पिवळी ओळ म्हणजे नोंद आहे पण फाइल सापडत नाही, बहुधा काढून टाकलेल्या सॉफ्टवेअरचा अवशेष. गुलाबी किंवा लाल म्हणजे प्रकाशकाची माहिती नाही किंवा सही जुळत नाही. लोक पिवळ्या ओळी पुसण्यात रंगून जातात, कारण साफसफाई केल्यासारखे वाटते. वेगाच्या दृष्टीने त्याचा उपयोग जवळजवळ शून्य. जी फाइलच नाही ती चालू होण्यात वेळ कुठला जाणार? पिवळ्या ओळी शेवटी, वेळ उरला तर.

टिक काढा, डिलीट करू नका

ऑटोरन्सची सगळ्यात चांगली गोष्ट हीच: ओळीपुढची टिक काढली की ती नोंद पुसली जात नाही, ‘ऑटोरन्सडिसेबल्ड’ नावाच्या कप्प्यात बाजूला ठेवली जाते. परत टिक लावली की जागेवर येते. राइट क्लिक करून डिलीट केलेली नोंद मात्र गेली ती गेली. बंद केलेली ओळ पंधरा दिवस, महिनाभर तशीच राहू द्या. घरात कोणाचे काही अडले नाही तर मग हवे तर पुसा. एक ध्यानात ठेवा. ऑटोरन्समधून बंद केलेली नोंद टास्क मॅनेजरच्या यादीतून गायब होते. ‘माझे ते सॉफ्टवेअर स्टार्टअपमध्ये दिसतच नाही’ म्हणून कोणी शोधत बसले तर ती इथे पडलेली असते.

हात लावण्याआधी दोन कामे: विंडोजचा रीस्टोअर पॉइंट (बिघडले तर मागे जाण्याची खूण) करा आणि ऑटोरन्सच्या ‘फाइल’ मेनूतून ‘सेव्ह’ करून आजची यादी एका फाइलमध्ये ठेवा, नावात तारीख टाकून. मग एका वेळी चार-पाच ओळींच्या टिक काढा, रीस्टार्ट करा, परत १०० क्रमांकाची नोंद बघा. वीस ओळी एकदम बंद केल्या आणि वायफाय गेले, तर वीसपैकी कोणती हे शोधण्यात अख्खा रविवार जातो.

लॉगऑन: इथेच बहुतेक माल असतो

डेस्कटॉप आल्यावर सुरू होणारे सगळे या टॅबमध्ये. व्हिडिओ कॉलची सॉफ्टवेअरे, गाण्यांची ॲप्स, गेमचे लाँचर, क्लाउड ड्राइव्ह, पीडीएफ वाचकांचे मदतनीस. निर्णयाचा नियम सोपा: हे सॉफ्टवेअर मी स्वतः उघडतो का? उघडत असेन तर त्याने आधीच उघडून बसायची गरज नाही. टिक काढा. अपवाद क्लाउड ड्राइव्हचा. फोटो आपोआप चढायला हवे असतील तर ते ठेवा, पण तीन-तीन क्लाउड एकाच वेळी नकोत. लॉगिन झाल्याझाल्या तिघेही फाइली ताडून बघायला डिस्कवर तुटून पडतात.

या टॅबमध्ये ‘ईपीएलटार्गेट’ आणि पुढे पी व शून्यांची माळ अशी ओळ दिसली की बरेच जण व्हायरस समजून घाबरतात. तो एप्सनच्या प्रिंटरचा स्टेटस मॉनिटर आहे, शाई किती उरली ते सांगणारा. टिक काढली तरी छपाई चालूच राहते, फक्त शाईची सूचना येत नाही. एल मालिकेच्या इंक टँक प्रिंटरला शाई बाहेरून टाकीतच दिसते, तेव्हा तिथे याचा काही उपयोग नाही. एकच प्रिंटर दोन-तीनदा जोडला गेला असेल तर अशा दोन-तीन ओळी असतात; सगळ्या जाऊ द्या.

रियलटेकच्या ऑडिओ सर्व्हिसची ओळ मात्र राहू द्या. ती हलकी असते, आणि बंद केल्यावर हेडफोन ओळखण्याच्या तक्रारी सुरू होण्याची शक्यता असते. टचपॅडची, ग्राफिक्स कार्डाची ओळ लॅपटॉपवर तशीच ठेवावी.

आपल्याकडे मराठी टायपिंगची सॉफ्टवेअरे सिस्टिम ट्रेमध्ये बसून असतात: सीडॅकचे आयएसएम, श्रीलिपी वगैरे. रोज टाइप करणाऱ्याने ती ठेवावीत. आता युनिकोडमध्ये विंडोजच्याच कीबोर्डने टाइप करत असाल तर जुने टायपिंग सॉफ्टवेअर स्टार्टअपला नको. एखादी जुनी फाइल उघडायची वेळ आली तर हाताने चालू करा.

शेड्यूल्ड टास्क्स: लोक बघत नाहीत ते ठिकाण

टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप पानावर हे दिसतच नाही, आणि ऑटोरन्सचा खरा फायदा इथे कळतो. ब्राउझरचे अपडेटर, पीडीएफ वाचकाचा अपडेटर, प्रिंटर कंपनीचे ‘ग्राहक सहभाग’ छापाचे सर्वेक्षण, लॅपटॉप कंपनीच्या जाहिराती आणणारे मदतनीस, सगळे लॉगिनच्या क्षणाला बांधलेले. ब्राउझरचा अपडेटर बंद करू नका. सुरक्षेचे अपडेट त्यातूनच येतात आणि दोन सेकंदांसाठी ती किंमत मोजू नये. सर्वेक्षणे आणि जाहिराती खुशाल बंद करा.

पेन ड्राइव्हमधून येणारा शॉर्टकट व्हायरस, ज्यात सगळे फोल्डर शॉर्टकट होऊन जातात, तो बऱ्याचदा इथे किंवा लॉगऑनमध्ये घर करतो. झेरॉक्सच्या दुकानात पेन ड्राइव्ह लावून आणणाऱ्या घरांनी हे एकदा बघावेच. तो स्वतः चालत नाही, विंडोजच्याच ‘डब्ल्यूस्क्रिप्ट’ या फाइलकडून आपली स्क्रिप्ट चालवून घेतो. म्हणून एकदा वरच्या दोन्ही चाळण्या काढून, ‘क्विक फिल्टर’च्या चौकटीत ‘डब्ल्यूस्क्रिप्ट’, मग ‘पॉवरशेल’, मग ‘ॲपडेटा’ असे इंग्रजी स्पेलिंगने शोधा. ॲपडेटा या लपलेल्या फोल्डरमध्ये चांगली सॉफ्टवेअरेही राहतात, पण तिथल्या अर्थहीन नावाच्या स्क्रिप्टचे तिथे काही काम नसते. अशी ओळ मिळाली तर टिक काढून थांबू नका, पूर्ण अँटीव्हायरस स्कॅन करा.

सर्व्हिसेस: जपून

इथे घरगुती आणि धंद्याचा पीसी यांत फरक करावा लागतो. जीएसटी, ई-टेंडर किंवा कंपनीच्या कामासाठी डिजिटल सही वापरत असाल तर टोकनची आणि सही करून देणाऱ्या सॉफ्टवेअरची सर्व्हिस इथे असते. आपले सरकार सेवा केंद्रासारखे काम असेल तर अंगठ्याच्या मशीनची आरडी सर्व्हिस असते. डाँगलवर (यूएसबीत लावायच्या परवान्याच्या चावीवर) चालणारे डीटीपी किंवा हिशेबाचे सॉफ्टवेअर असेल तर त्या डाँगलची लायसन्स सर्व्हिस असते. नावात ‘सेंटिनेल’ किंवा ‘हास्प’ दिसेल. यातले काही बंद केले तर पीसी वेगाने सुरू होईल आणि रिटर्नच्या शेवटच्या तारखेला टोकन ओळखले जाणार नाही. पण त्या कामाचा आता संबंधच उरला नसेल, म्हणजे धंदा बंद झाला, मशीन घरी आले, तर नुसती टिक काढण्यापेक्षा ते सॉफ्टवेअरच कंट्रोल पॅनेलमधून अनइन्स्टॉल करा. ऑटोरन्स हा अनइन्स्टॉलला पर्याय नाही. उलट टिक आधी काढून ठेवलेली असेल तर काही अनइन्स्टॉलर अडखळतात.

ज्या सर्व्हिसा लागतात, पण लॉगिनच्या क्षणीच लागत नाहीत, त्यांच्यासाठी ऑटोरन्समध्ये मधला मार्ग नाही. टिक आहे किंवा नाही. विंडोजच्या स्वतःच्या ‘सर्व्हिसेस’ खिडकीत तो आहे: स्टार्टअप टाइप ‘ऑटोमॅटिक (डिलेड स्टार्ट)’ करा, म्हणजे बाकीच्या आपोआप सुरू होणाऱ्या सर्व्हिसा उठल्यावर साधारण दोन मिनिटांनी ती उठते. अपडेटर, प्रिंटरचे मदतनीस यांना हे छान लागू पडते.

अँटीव्हायरसच्या ओळी बंद करायला जाल तर बहुधा परवानगी नाकारली असा संदेश येईल. ते स्वतःचे रक्षण करतात, आणि तसेच हवे. इथे बघायची गोष्ट दुसरी: दोन अँटीव्हायरसची नावे दिसतात का? लॅपटॉपसोबत आलेला एक, नंतर दुकानदाराने टाकून दिलेला दुसरा, त्यातल्या एकाची मुदत केव्हाच संपलेली. सुरू होताना प्रत्येक फाइल दोघेही तपासतात. एक निवडा आणि दुसरा त्याच्या कंपनीच्या रिमूव्हल टूलने काढा. वार्षिक पैसे भरायचे नसतील तर विंडोजचा डिफेंडर घरच्या वापराला पुरतो. बाहेरचे दोन्ही अँटीव्हायरस काढले की तो आपोआप जागा होतो.

ड्रायव्हर्स आणि त्यापुढचे टॅब

ड्रायव्हर्समध्ये हात घालू नका. डिस्क आणि फाइल सिस्टिमच्या वाटेवर बसणारे फिल्टर ड्रायव्हर इथे असतात. त्यातला चुकीचा बंद केला तर पुढच्या बूटला ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’ची निळी स्क्रीन येते. तसे झालेच तर ऑटोरन्समध्येच सुटका आहे: डिस्क दुसऱ्या पीसीला जोडून ‘फाइल’ मेनूतल्या ‘ॲनालाइझ ऑफलाइन सिस्टिम’ने त्या बंद विंडोजची यादी उघडून टिक परत लावता येते. पण ज्याला हे वाचून घाम फुटतो त्याने तिथवर जाऊच नये. १०२ क्रमांकाच्या नोंदीत एखाद्या ड्रायव्हरचे नाव आले असेल तर उपाय म्हणजे त्या कंपनीच्या साइटवरचा नवा ड्रायव्हर, टिक काढणे नव्हे.

विनलॉगऑन, एलएसए, विनसॉक, नोन डीएलएल या टॅबनाही नमस्कार करून पुढे जा. ‘बूट एक्झिक्यूट’मध्ये ‘ऑटोचेक ऑटोचक’ अशी एक ओळ दिसली तर ती विंडोजची आहे, सुरुवातीला डिस्क तपासणारी. दरवेळी सुरू होताना डिस्क तपासली जात असेल तर ही ओळ काढून प्रश्न सुटत नाही. डिस्क का खराब होते आहे ते बघावे लागते.

एक्सप्लोरर टॅबमधल्या नोंदी राइट क्लिकच्या मेनूच्या आणि आयकॉनवरच्या छोट्या खुणांच्या असतात. बूटवर त्यांचा परिणाम थोडाच, पण राइट क्लिक केल्यावर पाच सेकंद गोल फिरत असेल तर दोषी इथे सापडतो.

जे ऑटोरन्सला दिसत नाही

बंद पडलेल्या दुसऱ्या पीसीकडे बोट दाखवणारा मॅप केलेला नेटवर्क ड्राइव्ह हा लॉगिन अडकवणारा नेहमीचा गडी. तो या यादीत नसतो, ‘धिस पीसी’मध्ये जाऊन डिस्कनेक्ट करावा लागतो. मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून घेतलेल्या ॲप्सचे आपोआप सुरू होणे सेटिंग्जमध्ये ‘ॲप्स’, मग ‘स्टार्टअप’ इथे बंद करायचे. रॅम अपुरी असेल तर तेही इथे कळणार नाही. ४ जीबीच्या मशीनवर विंडोज १० किंवा ११, एक अँटीव्हायरस आणि ब्राउझर एवढ्यानेच मेमरी भरत येते आणि उरलेला कारभार डिस्कवरच्या पेजफाइलमधून चालतो.

आणि मुख्य म्हणजे डिस्क. मशीनमध्ये अजून फिरणारी हार्ड डिस्क असेल तर ऑटोरन्सचा फायदा किती, याला छत आहे. हिशेब साधा आहे. ७२०० आरपीएमच्या डिस्कला एक फेरी मारायला ८.३ मिलिसेकंद लागतात, म्हणजे हवी ती जागा हेडखाली यायला सरासरी ४ मिलिसेकंदांहून थोडे जास्त. त्यात हेड सरकण्याचे ८-९ मिलिसेकंद मिळवा. विखुरलेल्या फाइली वाचताना सेकंदाला साधारण शंभरापर्यंत वाचने होतात. ५४०० आरपीएमच्या लॅपटॉप डिस्कला त्याहून कमी. बूट म्हणजे हजारो छोट्या, विखुरलेल्या फाइलींचे वाचन. साध्यातली साधी साटा एसएसडी हेच काम सेकंदाला हजारोंच्या संख्येने करते, कारण तिच्यात फिरणारे आणि सरकणारे काहीच नाही. म्हणून टास्क मॅनेजरमध्ये लॉगिननंतर डिस्क तीन-चार मिनिटे १०० टक्क्यांना चिकटलेली आणि प्रोसेसर निवांत असे चित्र असेल, तर टिकमार्कांशी खेळण्यापेक्षा २४० किंवा ५०० जीबीची अडीच इंची साटा एसएसडी घ्या. जुन्या डेस्कटॉपला ती सहज बसते. साटा केबल आणि पॉवरचे एक टोक मोकळे आहे ना एवढे आधी बघा.

त्याआधी क्रिस्टलडिस्कइन्फो हे दुसरे फुकट सॉफ्टवेअर चालवून जुन्या डिस्कची तब्येत बघणे गरजेचे. ०५, सी५ आणि सी६ या खराब सेक्टर मोजणाऱ्या ओळींचा कच्चा आकडा (‘रॉ व्हॅल्यू’) शून्य हवा. तो कधीकधी हेक्साडेसिमल पद्धतीने (अंकांसोबत ए ते एफ अक्षरे) दिसतो, पण शून्य हे शून्यच. सी५ मध्ये आकडा चढलेला असेल तर विंडोज खराब सेक्टर परत परत वाचायचा प्रयत्न करत अडकते आहे. अशा वेळी आधी फोटो आणि कागदपत्रे दुसरीकडे घ्या. ऑटोरन्स, डीफ्रॅग, काहीही नको. प्रत्येक रीस्टार्ट डिस्कचे उरलेले आयुष्य खातो. फक्त सी७ (केबलवरून डेटा येताना झालेल्या चुका) वाढत असेल तर डिस्क बहुधा चांगली आहे आणि साटा केबल सैल किंवा खराब आहे. केबल बदला.

मग कोणी घ्यावे?

केवळ लॉगिननंतरची गर्दी कमी करायची असेल तर टास्क मॅनेजरचे स्टार्टअप पान पुरते. तिथला ‘इम्पॅक्ट’ रकाना मात्र डोळे झाकून मानू नका. सुरू होताना एक सेकंदाहून जास्त प्रोसेसर किंवा ३ एमबीहून जास्त डिस्क वापरली की ‘हाय’ लिहून येते. एसएसडीवर ३ एमबी म्हणजे काहीच नाही, आणि ‘हाय’ दिसले म्हणून कामाचे सॉफ्टवेअर बंद केले जाते. एमएसकॉन्फिगमध्ये ‘नंबर ऑफ प्रोसेसर्स’ वाढवा, प्रीफेच फोल्डर रिकामे करा, हे व्हिडिओतले सल्ले सोडून द्या. पहिल्याने काही वाढत नाही, ती सोय प्रोसेसर कमी करून चाचणी घेण्यासाठी आहे. दुसऱ्याने पुढची काही बूट उलट हळू होतात.

टास्क मॅनेजरमध्ये सगळे बंद करूनही पोस्टबूटचा आकडा खाली येत नसेल, किंवा काढलेले सॉफ्टवेअर कुठून तरी परत उगवत असेल, तेव्हा ऑटोरन्स काढा. अशा वेळी दुसरे काहीही त्याच्या जवळपास येत नाही. घरात चार जण वेगवेगळ्या खात्यांनी लॉगिन करत असतील तर वरच्या ‘यूझर’ मेनूतून खाते बदलून प्रत्येकाची यादी बघा. आजोबांच्या खात्यात सुरळीत आणि नातवाच्या खात्यात रखडत, याचा उलगडा तिथे होतो.

काम झाल्यावर साफ झालेली यादी पुन्हा ‘सेव्ह’ करून ठेवा. नवे सॉफ्टवेअर टाकल्यानंतर पीसी परत सुस्तावला की ऑटोरन्स उघडून ‘फाइल’मधल्या ‘कंपेअर’ने ही जुनी फाइल निवडायची, मधल्या काळात आलेल्या ओळी हिरव्या दिसतात, आणि तपासायला तेवढ्याच पुरतात.